टरेटवरचं विमान

वरळीच्या बीडीडी चाळीतून टॉवरमधल्या नव्या घरात आलो, तेव्हा आईने हौसेने डायनिंग टेबल घेतलं. त्यावर आम्ही जेमतेम पंधरा दिवस जेवलो. सोळाव्या दिवशी बाबांनी चार फुटांची एक सागवानी फळी आणून त्यावर आडवी ठेवली आणि ही युद्धनौका आहे असं सांगितलं.

"मला तर पाट दिसतोय," आई म्हणाली. "बसायचं कोणी त्यावर?"

"बसायला माणसं नाहीत. एक विमान बसणार आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलून खाली जमिनीवर मांडली आणि आम्ही चाळीत जेवायचो तसे मांडी घालून जेवायला बसलो. पुढचे सात महिने तसेच जेवलो.

बाबा गोदीत पॅटर्नमेकर होते. बोटीचा एखादा ओतीव भाग हवा असला, की आधी तो लाकडात तंतोतंत बनवतात. ते लाकूड वाळूत दाबून काढून घेतात, जी पोकळी उरते तिच्यात पितळ किंवा लोखंड ओततात. भाग बोटीवर जातो, लाकूड गोदामात जातं. मी शाळेत असताना एकदा बाबांना विचारलं होतं, की तुम्ही बनवलेलं काहीतरी मला दाखवा. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "मी केलेलं नाही दिसत गं. मी केलेल्यावरून जे होतं, ते दिसतं." त्यात तक्रार नव्हती. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधून दिल्यासारखं त्यांनी सांगितलं होतं.

गोदीत त्यांच्याकडून कामं करून घेतलेले एक नौदल अधिकारी निवृत्तीनंतर फोर्टमधल्या एका छोट्या संग्रहालयाचं काम बघतात. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, की दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली एक चिलखती युद्धनौका करून द्या, जिच्यावर विमान ठेवलेलं असेल. काचेच्या पेटीत राहील. खाली कार्ड लागेल आणि कार्डावर बनवणाऱ्याचं नाव असेल. हे शेवटचं वाक्य बाबांनी आम्हाला तीन दिवसांत तीनदा सांगितलं, दर वेळी आत्ताच आठवल्यासारखं.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं होतं. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायची, असं ते म्हणाले. बाबांना समोरचं दिसायचं, पण बाजूचं जात चाललं होतं. नळीतून बघितल्यासारखं वाटतं, असं ते सांगायचे. घरी येताना टॅक्सीत ते मला म्हणाले, "बाय, हे एक करतो. मग हत्यारं बांधून ठेवतो." म्हणजे हे त्यांचं शेवटचं काम होतं, आणि नावाने ओळखलं जाईल असं पहिलंच. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

अधिकाऱ्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यातले नकाशे आणि आराखडे बाबांना माझ्यापेक्षा शंभरपटीने जास्त कळायचे. मजकूर मात्र माझ्याकडे आला. आमच्या घरात जे जे इंग्रजी यायचं ते मी आठ वर्षांची असल्यापासून माझ्याकडेच यायचं. बँकेचं पत्र, गोळ्यांच्या पाकिटातली चिठ्ठी, चाळ पाडायची नोटीस. बाबांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं तेव्हा मजल्यावरचे लोक बरंच काही बोलले होते. त्यामुळे वाचून दाखवणं हे मी कधी नाकारलं नाही.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. माझं मराठी घरातलं आहे. जेवायचं, भांडायचं, भाजी घ्यायची एवढं त्यात भागतं. तोफगोळ्याचा मार्ग आणि वाऱ्याची दिशा त्या मराठीत बसत नाही. ऑफिसातून आल्यावर मी टेबलाच्या टोकाला बसायचे, वाक्य मनात इंग्रजीत वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे. मध्येच अडकायचे. मग बाबा हातातली कानस थांबवून वाट बघत राहायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या वाट बघण्याने माझे कान तापायचे. म्हणून मी गाळायला लागले. आधी अवघड शब्द, मग अवघड वाक्यं.

सुरुवातीची प्रकरणं मी बऱ्यापैकी सांगितली. त्या नौकांच्या तोफा इतक्या लांब मारा करायच्या, की गोळा कुठे पडला ते तोफ डागणाऱ्यांनाच दिसायचं नाही. त्यासाठी वर, उंचावर, बघणारा माणूस हवा. म्हणून विमान न्यायचं. पण या नौका म्हणजे विमानवाहू जहाजं नव्हेत. सपाट धावपट्टी नाही, सगळीकडे तोफा, धुरांडी, डोलकाठ्या. मग विमान ठेवायचं कुठे, तर टरेटवर. टरेट म्हणजे तोफांचं फिरतं पोलादी घर. त्याच्या छपरावर आणि पुढे आलेल्या नळ्यांवर फळ्या टाकायच्या, त्यावर विमान. टरेट वाऱ्याच्या दिशेला फिरवायचं, की विमान चार पावलं धावून वर.

"म्हणजे पोटमाळा केला म्हण की," बाबा म्हणाले. ते खूश झाले होते. "जागा नाही, तर तोफेच्या डोक्यावर. आपल्यासारखेच निघाले."

"आपल्या माळ्यावर विमान नव्हतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमच्या बहिणीची ट्रंक होती."

मग बाबांनी विचारलं, "आणि उतरतं कुठं?"

मी पान उलटलं. पुढे अडीच पानं नुसता बारीक मजकूर होता. ऑफिसमध्ये त्या दिवशी खूप झालं होतं. मी ती पानं ओलांडली आणि एक फोटो सापडला. नौकेच्या बाजूला क्रेनच्या दोरीला लटकलेलं विमान, त्याच्या पोटाखाली चाकांच्या जागी दोन लांबट होड्या.

"पाण्यावर उतरतं," मी म्हणाले. "खाली होड्या असतात. मग क्रेनने वर घेतात."

बाबांनी मान हलवली आणि ते कामाला लागले.

पुढचे महिने मी ते काम टेबलाच्या टोकावरून बघितलं. फळीची नौका झाली. टरेट बोटाने ढकललं की फिरायचं. त्याच्यावर फळ्या बसल्या, एकेक फळी नखाएवढी रुंद. आई रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावायची आणि जळून उरलेल्या काड्या डब्यात जमवून बाबांना द्यायची, त्यातून कठडे झाले. विमानाच्या दोन होड्यांना अकरा दिवस लागले. क्रेनचा हुक टाचणी वाकवून केला. हुक पकडण्यासाठी विमानाच्या वरच्या पंखावर एक माणूस उभा राहायचा, हे मी पुस्तकातून सांगितलं होतं. तो माणूस बाबांनी काडेपेटीच्या काडीतून कोरला. बाबा काम करताना मान आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवायचे, नळीतून एकेक भाग बघत. कधीकधी पटाशी शेजारीच असायची आणि ते टेबल चाचपत राहायचे. मी ती त्यांच्या हाताजवळ सरकवायचे.

नौका द्यायला नऊ दिवस राहिले, तेव्हा अधिकाऱ्यांचा मला निरोप आला. कार्डावर इंग्रजीतून आठ-दहा ओळी हव्यात, नौकेवर विमानं कशी ठेवायचे त्याबद्दल. रविवारी दुपारी आईबाबा झोपलेले असताना मी पुस्तक काढलं आणि ती अडीच पानं पहिल्यांदा वाचली.

टरेटवर फळ्या टाकायचे त्या काळातल्या विमानांना चाकं असायची. ती वर जायची आणि नौकेवर परत यायचीच नाहीत. जमीन जवळ असली तर जमिनीवर उतरायची. नसली तर नौकेच्या जवळ समुद्रात पडायची, वैमानिकाला उचलून घ्यायचे, विमान बहुतेक वेळा जायचं. काही वर्षांनी ते बदललं. फळ्या काढून टाकल्या आणि त्या जागी कॅटापुल्ट आलं. लोखंडी जाळीचा एक लांब रूळ, त्यावर एक गाडी, गाडीवर विमान. तोफेच्या दारूच्या स्फोटाने गाडी सुटायची आणि विमान हवेत फेकलं जायचं. होड्या आणि क्रेन आल्या त्या या कॅटापुल्टबरोबर.

आमच्या टेबलावरच्या नौकेत दोन्ही काळ एकत्र आले होते. होड्यांचं विमान फळ्यांवर बसलं होतं. त्याला चाकं नव्हती, त्यामुळे ते धावू शकत नव्हतं. त्याला फेकायला काही नव्हतं. ते तिथून कधीच उडालं नसतं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत मी ते कोणाला सांगितलं नाही. मग ज्याची मला सर्वांत भीती वाटते ते केलं, फोन. आमच्या टॉवरमध्ये मध्येच एक रिकामा मजला आहे, आग लागली तर थांबायला. तिथे जाऊन, वाक्यं आधी मनात जुळवून, मी अधिकाऱ्यांना फोन लावला आणि चूक सांगितली. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमच्या लक्षात आलं हे चांगलं. पण आमच्याकडे येतात ती शाळेतली मुलं. ती तोफा बघतात. आहे तसं राहू द्या." मग थोडं थांबून, "मागच्या वेळी चहा देताना मी बघितलं, त्यांचा हात कपाच्या बाजूला गेला. त्यांना आता त्रास देऊ नका."

ते मनापासून बोलत होते. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी आले तर बाबा आईला खुर्चीवर बसवून काडीचा माणूस दाखवत होते.

"एका हाताने पंख धरायचा, एका हाताने हुक पकडायचा. वर बोट हलतेय, खाली विमान हलतंय."

"लग्न झालेलं होतं का त्याचं?"

"असेल."

"बायकोला सांगितलं नसेल मग," आई म्हणाली. "दिसायला मात्र तुमच्या भावासारखा आहे. तसाच वाकडा उभा."

बाबा हसत होते. मी दारातच उभी होते, खांद्यावरची बॅगही काढली नव्हती.

"बाबा, मी मधली पानं वाचली नव्हती," मी म्हणाले.

"कुठली?"

"विमानाची. अडीच पानं."

"का?"

"मराठीत सांगता येत नव्हतं."

आई उठून बाबांच्या शेजारी उभी राहिली. मग ते म्हणाले, "आत्ता सांग."

मी पुस्तक घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. ते थांबले, मी थांबले. "नाव सोड," बाबा म्हणाले. "नाव नाही आलं तरी चालेल. ती वस्तू करते काय, ते सांग."

असं मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी चमचा घेतला, त्यावर काडेपेटी ठेवली आणि चमचा टेबलावरून सरकवत नेऊन एकदम थांबवला. काडेपेटी पुढे जाऊन पडली. "गाडी थांबते," मी म्हणाले. "विमान थांबत नाही."

"हां," बाबा म्हणाले. "आणि आपलं विमान फळीवर बसलंय."

"हो."

"कोण बघणार आहे एवढं," आई हळूच म्हणाली.

आणि मी, मदत होईल असं वाटून, म्हणाले, "साहेबही तेच म्हणाले. राहू द्या म्हणाले."

बाबांनी मान वळवून माझा चेहरा शोधला. "तू त्यांना सांगितलंस? आधी?"

मी मान खाली घातली.

"पानं राहिली त्याचं काही नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पण माझ्या कामातली चूक तू आधी साहेबांना सांगितलीस, मग मला." ते उठून खिडकीशी गेले. तिथून कोळीवाड्याच्या बाजूचा समुद्र दिसतो. त्यांना तो आता किती दिसत होता, माहीत नाही.

सकाळी उठले तर त्यांनी ब्लेडने विमान सोडवून बशीत ठेवलं होतं. त्याखालच्या फळ्या उचकटून झाल्या होत्या. टरेटच्या छपरावर गोंदाचे डाग उरले होते.

मी रात्रभर विचार करून एक उपाय काढला होता, तो सांगितला. "बाबा, फळ्या परत लावू. विमानाला चाकं लावू आणि क्रेन काढून टाकू. जुन्या काळातली नौका होईल. दोन दिवसांचं काम आहे. आणि बरोबर असेल."

"बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मग ते वर जाऊन परत येत नाही ना?"

"नाही."

"मग नको. माझं नाव लागणार आहे तिथं. परत न येणारं विमान कशाला ठेवू त्याच्यावर?" थोड्या वेळाने म्हणाले, "माणूस आहे त्यात."

म्हणजे कॅटापुल्ट करायचं. बोटाएवढ्या लांबीचा जाळीदार रूळ, उदबत्तीच्या काड्या उभ्या चिरून केलेल्या धाग्यांसारख्या पट्ट्यांचा. बाबांनी दोन दिवसांत तीनदा केला. तिन्ही वेळा एखादी पट्टी त्यांच्या नळीच्या बाहेर राहिली, बोट लागलं आणि सगळं चुरलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तुकडे एका कागदात गोळा केले, कागदाची घडी घातली आणि बराच वेळ ती घडी हातात धरून बसले.

"बस इथं," मग ते म्हणाले.

"मला नाही येणार."

"मला तरी कुठे येतंय. बस."

मी ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढली. खिडकीच्या उजेडात मी पट्ट्या जोडायचे आणि ते शेजारी डोळे मिटून बसायचे. एक सांधा झाला की मी तो चिमट्यासकट पुढे करायचे. ते नखाची कड त्यावरून फिरवायचे. "उंच आहे." "कितीने?" "केसाने." मी घासायचे. "आता खाली गेला. काढ." मी काढायचे. एकदा मी चिडून म्हणाले, की केसाने काय होतंय. ते म्हणाले, "पॅटर्न केसाने चुकला, की ओतीव भाग तसाच येतो. मग लोखंडाला घासत बसावं लागतं. लाकूड आहे तोवर घास." चार सांधे मी सहा-सहा वेळा केले. आई चहा ठेवून जायची आणि जाताना म्हणायची, "दोघं कशाची शिक्षा भोगताय काय माहीत."

गोंद वाळेपर्यंत मी वाचायचे, पहिल्या पानापासून, काही न गाळता. शब्द आला नाही की ती वस्तू काय करते ते सांगायचे. विमान परत यायचं तेव्हा नौका समुद्रात मोठं वळण घ्यायची. तिच्या वळणाच्या आत पाणी थोडा वेळ गुळगुळीत व्हायचं आणि तेवढ्यात विमानाने उतरायचं, हेही त्या पुस्तकात होतं. पहिल्या वेळी तेही मी सांगितलं नव्हतं. ते ऐकून बाबांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"त्याच्यासाठी एवढी मोठी बोट वळवायची," ते म्हणाले.

शेवटच्या प्रकरणात रडार आलं. लांबचं बघायला विमानाची गरज उरली नाही. कॅटापुल्ट, क्रेन सगळं उतरवलं, विमानं ठेवायच्या जागी काही नौकांवर खलाशांना सिनेमे दाखवायला लागले.

"म्हणजे किती वर्षं चाललं हे सगळं?"

"वीस-पंचवीस, फार तर."

"एवढी खटपट," बाबा म्हणाले. त्यांनी रूळ हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. "पण ती माणसं मन लावून करत होती."

नौका शनिवारी द्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी रूळ टरेटवर बसला, गाडी रुळावर, विमान गाडीवर. एक सांधा, अगदी टोकाचा, माझ्या मनासारखा झाला नव्हता. तो त्यांना तपासायला द्यायच्या आधीच मी रंग लावला. वेळ संपला होता, आणि खरं सांगायचं तर मी दमले होते.

संग्रहालयात अधिकारी दारातच उभे होते. दोघा जणांनी नौका पेटीच्या तळावर ठेवली. अधिकारी वाकले, चष्मा वर केला, टरेट बघितलं. मग सरळ उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "हे कधी केलंत?"

"या आठवड्यात," बाबा म्हणाले. "मुलीने केलं. मी बसलो होतो."

कार्ड तयार होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि मी बाबांना वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. दोन अनोळखी माणसं शेजारी उभी राहून ऐकत होती. शेवटी बाबांचं नाव आलं. त्यांनी ते कार्ड मागून घेतलं, डोळ्यांसमोर नेऊन नाव सापडेपर्यंत इकडेतिकडे हलवलं, सापडल्यावर थोडा वेळ तसंच धरलं आणि परत दिलं.

काच लावणारे थांबले होते. बाबा म्हणाले, "एक मिनिट." त्यांनी हात आत घातला. बोटं नौकेच्या टोकापासून निघाली, पहिलं टरेट, दुसरं टरेट, मग रूळ. रुळावरून नखाची कड सरकत गेली आणि शेवटच्या सांध्याशी थांबली.

नख एकदा मागे आलं, परत पुढे गेलं.

"हा राहिला," ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले.

"हो."

"काय राहिलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "काही दुरुस्ती असेल तर अजून आठवडा घ्या, आमची घाई नाही."

बाबांचं नख अजून तिथेच होतं. त्यांनी हात बाहेर काढला, बोटं एकमेकांवर घासली.

"काही नाही, साहेब," ते म्हणाले. "लावा काच."